वस्तीवरच्या यादीपासून विधानभवनापर्यंत: लहान मुलांसाठीची मागणी कशी लावून धरायची

ओढ्याला पाणी आलं की त्या वस्तीवरच्या मुलांची अंगणवाडी बंद व्हायची. जूनच्या मध्यापासून थेट सप्टेंबरपर्यंत. अंगणवाडी गावठाणात, वस्ती अडीच किलोमीटरवर, मध्ये ओढा, आणि ओढ्यावर पूल नाही. तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून कोणती आई जाईल? मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा एका आजींनी विचारलं, "बाई, खाऊ आमच्या पोरांच्या नावानं येतो म्हणत्यात. मग खातं कोण?"

त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळवायला आणि वस्तीवर अंगणवाडी आणायला आम्हाला दीड वर्ष लागलं. कुणाकडे जायचं, काय मागायचं आणि कधी मागायचं हे आधीच ठाऊक असतं तर त्यातले निदान सहा-सात महिने वाचले असते. सहा-सात महिने म्हणजे वर्षाच्या बाळाच्या आयुष्याचा अर्धा भाग. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्ती मोजा

पहिलं काम वहीचं. अर्ज, निवेदन, पत्रकार, आमदार हे सगळं नंतर. दोनशे पानी वही घ्या आणि रकाने आखा: घरातल्या कर्त्याचं नाव, मुलाचं नाव, जन्मतारीख, अंगणवाडीत नाव आहे का, गेल्या महिन्यात आहार किती दिवस मिळाला, शेवटचं वजन कधी झालं. वेगळ्या पानावर गरोदर आणि स्तनदा माता. आणखी एक पान ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं: कोणत्या महिन्यात जातात, कुठे, कधी परततात.

दिवसा जाऊ नका, घरं रिकामी असतात. आम्ही दोन संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळी फिरलो. जन्मतारीख तोंडी विचारली तर "पोळ्याच्या आधीचा हाय" असं उत्तर येतं, म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड बघायला मागा. त्यावर तारीख असते, लसी असतात, वजनाचा आलेखही असतो. ज्या घरी कार्डच नाही, ती गोष्टही वहीत लिहा. पुढे तीच उपयोगी पडते.

अंतर मोजताना किलोमीटरबरोबर मिनिटंही लिहा. लहान मुलाच्या चालीने अडीच किलोमीटरला आम्हाला पंचावन्न मिनिटं लागली. पुढे गटविकास अधिकाऱ्यांसमोर सगळ्या कागदांत हाच आकडा त्यांच्या मनात राहिला, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आमच्या वहीत सहा वर्षांखालची ४७ मुलं निघाली. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्यातली १९ होती.

दंडाचा घेर मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी तुम्ही पाहिली असेल. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषित, म्हणजे कामकाजाच्या भाषेत 'सॅम'. ११.५ ते १२.५ असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे 'मॅम'. हे मोजमाप स्वतः करून जाहीर करण्याचा मोह टाळा. अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेविका यांना वस्तीवर बोलवा, त्यांच्या नोंदवहीत नोंद होऊ द्या. तुमच्या वहीतला आकडा लोक नाकारू शकतात. त्यांच्याच नोंदवहीतला आकडा नाकारणं अवघड असतं.

हक्क कुठे लिहिलाय ते तोंडपाठ ठेवा

लहान मुलांचं काही मागायला गेलं की बऱ्याच जणांचा सूर विनंतीचा होतो, जणू उपकारच मागतो आहोत. तसं करू नका. यातलं बरंचसं कायद्यात लिहिलेलं आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ जवळ ठेवा. कलम ४ गरोदर आणि स्तनदा मातांचं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार, शिवाय किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ. कलम ५ सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचं, स्थानिक अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहार. कलम ६ कुपोषित बालकं शोधून त्यांना आहार देण्याचं. आणि फार कमी लोकांना ठाऊक असलेलं कलम ८: हा आहार मिळाला नाही, तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याचा हक्क. किती उष्मांक द्यायचे ते अनुसूची २ मध्ये असतं. मूळ कायद्यात ते मुलांना रोज ५००, मातांना ६०० किलोकॅलरी होते; २०२३ मध्ये ही अनुसूची सुधारली, म्हणून ताजे आकडे बघून घ्या.

आता मातृत्व लाभाचं बघा. कायदा किमान ६,००० म्हणतो, आणि पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००, तेही एप्रिल २०२२ पासून. तिसऱ्या बाळंतपणाला काही नाही. हा फरक वस्तीवरच्या बायकांना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी विचारलेले प्रश्न मी कुठल्याही बैठकीत ऐकले नव्हते. अशाच प्रश्नांतून राज्य पातळीवरची मागणी जन्मते.

वस्तीवर अंगणवाडी मागणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश. २००१ साली दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या याचिकेत तो दिला गेला. ज्या वस्तीवर सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. आमची ४७ होती. आता वही आधी का, ते लक्षात आलं असेल.

मागणी एकच ठेवा

आमची पहिली चूक इथे झाली. पहिल्या निवेदनात आम्ही अकरा मागण्या घातल्या: अंगणवाडी, पूल, नळ, शौचालय, वजनकाटा, आहाराचा दर्जा, सेविकेचं मानधन आणि बरंच काही. त्या निवेदनाला उत्तर आलं ते असं, की "सदर मागण्या संबंधित विभागांकडे पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात आल्या आहेत." अकरा मागण्या सात विभागांत वाटल्या गेल्या आणि कोणाकडेच काही उरलं नाही.

मागणी अशी हवी की ती पूर्ण झाली की नाही हे वस्तीवरची कोणतीही बाई सांगू शकेल. "बालकांच्या पोषणाकडे लक्ष द्यावे" ही मागणी होत नाही. "वस्तीवर अंगणवाडी केंद्र सुरू करावे, आणि ते होईपर्यंत सेविकेने आठवड्यातून दोन दिवस वस्तीवर येऊन आहार व वजनाचं काम करावं" ही मागणी आहे. दुसरा भाग विसरू नका. मोठी गोष्ट व्हायला वेळ लागतो आणि मधल्या काळात मुलं वाढतच असतात. म्हणून प्रत्येक मोठ्या मागणीला एक आज होण्यासारखी मागणी जोडा.

ती कोण पूर्ण करू शकतं, हे मागणी लिहितानाच शोधा. आहार वेळेवर येत नाही, हा प्रश्न पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्या टेबलावरचा. अंगणवाडीच्या नळाचं आणि शौचालयाचं टेबल ग्रामपंचायतीचं. इमारतीचं टेबल पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचं, तिथे महिला व बालकल्याण विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी असतात. आहाराचा दर, अंडी, मानधन हे मंत्रालयातलं. आणि सर्वस्वी नव्या केंद्राला मंजुरी लागते ती केंद्र सरकारची.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला आठव्या महिन्यात कळला. "वरून मंजुरी नाही" या उत्तरावर आम्ही हात चोळत बसलो होतो. मग एका निवृत्त पर्यवेक्षिकेने सुचवलं की नवीन केंद्र मागण्याऐवजी आहे ते केंद्र हलवायला सांगा. गावठाणात दोन अंगणवाड्या होत्या, एकीचा पट आठ-नऊवर आला होता. ती वस्तीवर हलवायला दिल्लीकडे बघायचं कारण नव्हतं. प्रस्ताव जिल्ह्यातूनच पुढे सरकला. तुमच्याकडे कातकरी, कोलाम किंवा माडिया गोंड वस्ती असेल तर वाट आणखी वेगळी आहे. २०२३ च्या पीएम जनमन योजनेत या तीन आदिम जमातींच्या वस्त्यांसाठी नव्या अंगणवाड्यांची तरतूद आहे, ती नाव घेऊन मागा.

ग्रामसभा: इथे सर्वांत जास्त वेळ घाला

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. त्याआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, आणि ती पुष्कळ ठिकाणी फक्त कागदावर होते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती.

तुमचा विषय आधी महिला ग्रामसभेत आणा. तिथे बायका बोलतात. मुख्य सभेत, पुरुष पुढे बसलेले असताना, त्याच बायका पदर तोंडावर धरून गप्प बसतात हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. महिला सभेत झालेला ठराव मुख्य सभेत वाचून दाखवायला सांगितलं की विषय आपोआप पटलावर येतो.

सभेच्या किमान दहा दिवस आधी ग्रामसेवकांना लेखी पत्र द्या की अमुक विषय अजेंड्यावर घ्यावा. "आयत्या वेळचे विषय" यावर भिस्त ठेवू नका, तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते. आणि ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. सभेत घाईत लिहिलेला ठराव एका ओळीत उरकला जातो. आमचा मसुदा असा होता:

"विषय: वस्तीवर अंगणवाडी केंद्र सुरू करणेबाबत. ठराव: सदर वस्तीवर ० ते ६ वयोगटातील ४७ बालके, ५ गरोदर व ७ स्तनदा माता राहतात. यादी सोबत जोडली आहे. सर्वात जवळचे अंगणवाडी केंद्र २.५ कि.मी. अंतरावर असून पावसाळ्यात ओढ्यामुळे रस्ता बंद असतो. मा. सर्वोच्च न्यायालयाचा दि. १३/१२/२००६ चा आदेश व राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ मधील कलम ४, ५ व ६ विचारात घेता सदर वस्तीवर अंगणवाडी केंद्र सुरू करण्यात यावे. तोपर्यंत आठवड्यातून दोन दिवस वस्तीवर आहार वाटप, वजन व लसीकरण करण्यात यावे. केंद्रासाठी मंदिराची ओसरी उपलब्ध करून देण्यास ग्रामस्थांची संमती आहे. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. शक्य झालं तर सूचक त्याच वस्तीवरची आई असावी. आमची सूचक चोवीस वर्षांची, दोन मुलांची आई होती. सभेत ती एवढंच म्हणाली, "मी रोज सकाळी पोराला उठवते आणि पाणी बघून परत झोपवते." सरपंच एरवी "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारे गृहस्थ. त्यांनी ग्रामसेवकांकडे वळून सांगितलं, "घ्या लिहून."

सभा संपल्यावर घरी जाऊ नका. ठराव इतिवृत्तात उतरला, क्रमांक पडला, हे डोळ्यांनी बघा. आठवड्याच्या आत सही-शिक्क्याची नक्कल मागा. तो क्रमांक म्हणजे तुमच्या पुढच्या प्रत्येक कागदाचा पाया.

गावातला पैसा कुठे आहे

"निधी नाही" हे उत्तर येईल. तेव्हा हे विचारा.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या तीन वर्षांत ते कशावर खर्च झाले, हा साधा प्रश्न ग्रामसभेत विचारून बघा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत होणाऱ्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च ठेवावाच लागतो, त्यामुळे हा प्रश्न १ मेच्या आसपास शोभतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे दोन भाग होते, बंधित आणि अबंधित. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. अंगणवाडीचा नळ, हात धुण्याची जागा, लहान मुलांच्या उंचीचं शौचालय हे सगळं त्यात बसतं. पेसा गावात, म्हणजे ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या गावात राहत असाल तर आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट गावाकडे येतो.

हे सगळं ज्या आराखड्यात बसवायचं तो 'आमचा गाव, आमचा विकास' आराखडा २ ऑक्टोबरपासून पुढच्या तीन-चार महिन्यांत तयार होतो. शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पनांतून गाव आपली दिशा निवडतं, त्यांत 'बालस्नेही गाव' ही एक आहे. तुमच्या गावाने कोणती निवडली ते विचारा. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतो, आणि अंगणवाडीच्या नावाखाली एकही काम दिसत नसेल तर ते पान छापून ग्रामसभेत न्या.

इमारतीचं गणित वेगळं. अंगणवाड्यांसाठीच्या केंद्राच्या मिशन पोषण २.० योजनेत एका इमारतीचा खर्च १२ लाख धरला होता: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगातून किंवा अन्य अबंध निधीतून, २ लाख महिला व बालविकास मंत्रालयाकडून. रोजगार हमीचे आणि वित्त आयोगाचे नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक पंचायत समितीतून मागून घ्या आणि मगच प्रस्तावाला हात घाला. जिल्हा पातळीवर जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवलेला असतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समिती तो मंजूर करते.

पोच, पोच आणि पोच

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. एक टपाल शाखेत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घ्यायचा. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" असं म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय जायचं नाही. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयात हरवला, आणि आमच्याकडे पोच नव्हती. चार महिने गेले. त्यानंतर आम्ही प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये प्रत्येक पोच तारखेनुसार लावली, आणि पहिल्या पानावर तक्ता केला: काय दिलं, कोणाला, आवक क्रमांक, उत्तर कधी अपेक्षित, काय आलं. नंतर ज्या ज्या अधिकाऱ्यांना भेटलो, त्यांनी आधी तो तक्ता वाचला.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र 'अ', विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. "का" विचारू नका, कागद मागा: "आमच्या दि. अमुकच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत. सदर केंद्राच्या गेल्या सहा महिन्यांतील आहार वाटप नोंदवहीच्या प्रती." तीस दिवसांत माहिती द्यायची असते. नाहीच मिळाली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर या नोंदवहीतच मिळालं. वस्तीवरच्या १९ नावांपुढे पावसाळ्यातही आहार वाटल्याच्या सह्या होत्या. त्या सह्या कोणी केल्या यात आम्ही शिरलो नाही. तो कागद ठरावाला जोडला आणि पुढे गेलो. कोणाला शिक्षा व्हावी यापेक्षा मुलांना अंगणवाडी मिळावी हे आमचं ध्येय होतं, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

लोकशाही दिन विसरू नका: तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला. फाइल घेऊन जा, सोबत दोन आया असू द्या. दहा कार्यकर्त्यांपेक्षा दोन आया बऱ्या.

सेविकेला सोबत घ्या

अंगणवाडीवर तक्रार म्हणजे सेविकेवर तक्रार, असं गावात पटकन होतं. ती सगळ्यात जवळ असते म्हणून राग तिच्यावर निघतो. पण गॅसचे पैसे थकलेले असतात, भाडं महिनोनमहिने आलेलं नसतं, मोबाइल बंद पडलेला असतो, आणि मुलांच्या आहारातला मीठ-मसाला पुष्कळदा तिच्या खिशातून येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, त्यामागे नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप मराठीत नसल्याची तक्रारही होती. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये त्या पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं मान्य केलं. त्यांच्या मागण्या आणि मुलांच्या मागण्या एकाच ताटात आहेत. निवेदन देण्याआधी ते सेविकेला वाचून दाखवा. कोणत्या वाक्याने तिच्यावर नोटीस येईल हे तिला बरोबर कळतं, ते वाक्य बदला.

'अंगणवाडी' या शब्दाचाही इतिहास आपल्याकडचाच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीत मुलं येत नाहीत हे दिसल्यावर या बायका खेळणी-साहित्य घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांतून सुरू झाली, ती त्यानंतर तीस वर्षांनी. बालविकास प्रकल्प कार्यालयात "केंद्र वस्तीवर नेता येत नाही" असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी हे सांगितलं. समोरच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बसा, प्रस्ताव कसा करायचा ते बघू."

ऊसतोडीला जाणारी मुलं

हा विषय मी थोडक्यात उरकू शकत नाही, कारण आमच्या ४७ मधली २१ मुलं दिवाळीनंतर तळावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामावर जातात. आई-बाप मिळून एक कोयता. बीडसारख्या जिल्ह्यांतून कारखान्याच्या भागात पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहणं. गावच्या पटावर नाव आहे पण मूल नाही, तळावर मूल आहे पण नाव नाही. गरोदर बाई मोळ्या उचलते आणि तिच्या कार्डावरच्या तपासण्यांचे रकाने कोरे राहतात.

यासाठी राज्याने २०२२ मध्ये स्थलांतरितांच्या नोंदीची यंत्रणा आणली: गाव सोडताना सेविकेने नोंद करायची, पोहोचलेल्या ठिकाणच्या सेविकेला ती दिसायची. कागदावर चांगली योजना आहे. ती चालते का हे तपासायचा सोपा मार्ग असा: निघायच्या आठवड्यात तुमच्या वहीतल्या मुलांची यादी, मुकादमाचं नाव, कारखान्याचा तालुका, हे सेविकेकडून नोंदवून घ्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांनी फोन करून विचारा, तळावर कोणी आलं का. पहिल्या वर्षी आमच्या २१ पैकी फक्त चौघांपर्यंत कोणी पोहोचलं. तो आकडा घेऊन आम्ही दोन्ही जिल्ह्यांच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना एकच पत्र लिहिलं, दोघांना एकमेकांची प्रत. दुसऱ्या वर्षी तेरा जणांपर्यंत पोहोचले. अजून आठ बाकी आहेत.

आमदारांकडे काय मागायचं

आमदारांना भेटून "लक्ष घाला" म्हणू नका. प्रश्न लिहून न्या. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा ही त्यांची हत्यारं आहेत, पण ती वापरायला त्यांना तयार मजकूर लागतो. एका पानावर: जिल्ह्यात अंगणवाडी नसलेल्या किती वस्त्या आहेत, शासनाने मागणीवर किती दिवसांत निर्णय घेतला, नसल्यास विलंबाची कारणं काय. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण मार्चमध्ये, पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला. दीड-दोन महिने आधी पोहोचा. विरोधी आणि सत्ताधारी, दोन्हींना तोच कागद द्या. लहान मुलांच्या बाबतीत मी पक्ष बघितलेला नाही आणि तुम्हीही बघू नका.

राज्य पातळीवरची मागणी करताना आधी काय शक्य झालं ते सांगा. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादला सुरू झालं. त्यानंतर २०१२ च्या पोषण सर्वेक्षणात राज्यातल्या दोन वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण २३ टक्के आढळलं, २००५-०६ मध्ये ते ३९ टक्के होतं. २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना आली आणि गरोदर मातांना रोज एक चौरस जेवण मिळू लागलं. पुढे मुलांना महिन्यातून १६ दिवस अंडी किंवा केळी. याउलट २०१९-२१ च्या कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के रोडावलेली, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेली निघाली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणातही रोडावलेल्यांचा आकडा २५.६ च होता. सरकारने मनावर घेतलं की आकडा हलतो आणि सोडलं की थांबतो, हे मला या आकड्यांत दिसतं.

मिळालेलं टिकवणंही कामच आहे. शाळांच्या पोषण आहारात २०२३ मध्ये अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. अमृत आहारातलं अंडं तुमच्या अंगणवाडीत गेल्या महिन्यात किती दिवस आलं, हे वहीत लिहीत चला.

शहरात असाल तर

यादी तीच, टेबलं वेगळी: नागरी बालविकास प्रकल्प, प्रभाग कार्यालय, नगरसेवक. शहरातला मोठा प्रश्न भाड्याच्या खोलीचा आणि पाळणाघराचा. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ठरवलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या बांधकामावर मुलांसाठी खोली हवी, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, म्हणून आताची तरतूद बघून घ्या. घरकामगार बायकांना यातलं काही लागू होत नाही, त्यांच्यासाठी 'पाळणा' योजनेतली अंगणवाडी-सह-पाळणाघरं मागा.

नकार आला तर

नकार लेखी घ्या. अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे तक्रार, तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे. न्यायालय शेवटी. मेळघाटातल्या कुपोषणावरच्या जनहित याचिकांमधून मुंबई उच्च न्यायालयाने वर्षानुवर्षं शासनाकडून अहवाल मागवले आहेत, पण तो मार्ग लांबचा आहे आणि त्यासाठीही शेवटी तुमची वही आणि पोचच लागते.

वर्तमानपत्राकडे जाताना एक पथ्य पाळा. कुपोषित बाळाचा फोटो, नाव, आईचं नाव काहीही देऊ नका. ओढ्याचा फोटो द्या, बंद अंगणवाडीचा द्या. ते बाळ उद्या त्याच गावातल्या शाळेत जाणार आहे.

आमच्या वस्तीवरचं केंद्र आता मंदिराच्या ओसरीत भरतं. सकाळी दहाला मुलं येतात, खिचडी बचत गटाच्या ताई तिथेच शिजवतात. भिंत एकाच बाजूला आहे, पाऊस आडवा आला की चटई गुंडाळावी लागते. इमारतीचा विषय या २ ऑक्टोबरच्या सभेसाठी ग्रामसेवकांकडे दिला आहे, पोच घेतली आहे. वहीही पुन्हा नव्याने लिहायला घेतली आहे, कारण जुन्या यादीतली अकरा मुलं शाळेत गेली आणि नऊ नवी जन्मली.